आक्कांचं इटालियन वाढप

आक्का माझी आई झाल्या तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि माझी खरी आई घरी ठणठणीत होती. हौशी नाटकात असं चालतं. आमच्या संस्थेत आईचं काम निघालं की ते आक्कांकडे जायचं, त्यावर चर्चा व्हायची नाही. त्यांनी शेतकऱ्याची आई केली, मंत्र्याची केली, एका ऐतिहासिक नाटकात तर स्वतःपेक्षा वयानं मोठ्या असलेल्या सेनापतीची आई केली. स्वतः त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. "पोरं सांभाळायची ती तीन अंकांपुरती," त्या म्हणायच्या, "फुडं ज्याची त्यानं घरी न्यावीत."

त्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या आणि शाहूपुरीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. अंगानं किरकोळ, केस घट्ट बांधलेले, पदर कायम खोचलेला. पण लक्षात राहायचा तो त्यांचा आवाज, कारण तो ऐकूच यायचा नाही. कोल्हापुरात एकानं शेजाऱ्याला वेळ विचारली की समोरच्या गल्लीतला माणूस घड्याळ बघतो. अशा गावात आक्का खालच्या पट्टीत बोलायच्या आणि बाकीच्यांना गप्प बसावं लागायचं. कचेरीत त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं तरी साहेब फाईल पुन्हा वाचायचे, असं त्यांच्या बरोबरचे लोक सांगत. तालमीत आम्ही ओरडायला लागलो की त्या "आवाज खाली" म्हणायच्या, तेही इतक्या हळू की पहिल्या वेळी कुणालाच कळायचं नाही.

त्यांचं माहेर मुरगूडचं. मुरगूड काही लांब नाही. सकाळच्या एस.टी.नं जाऊन माणूस लग्नात जेवतो आणि दुपारी झोपायला कोल्हापुरात परत येतो. आक्का मात्र तिकडे जात नसत. थोरला भाऊ होता, दादा म्हणायच्या त्याला. शेती, म्हशी, गावात शब्दाला वजन. आक्कांनी तरुणपणी नाटकात काम करायचं ठरवलं आणि दादांनी नको म्हटलं, तेव्हापासून त्या घरात त्यांनी अन्नाचा कण घेतला नव्हता. आई वारली तेव्हा गेल्या, उभ्या राहिल्या आणि पाण्याचा घोटही न घेता परत आल्या.

मी एकदा आगाऊपणानं म्हटलं, "आक्का, आता वयं झाली तुमची. जाऊन या की एकदा."

"त्या घरात मला जेवायचंच हाय," त्या म्हणाल्या. "पण दादानं बसवलं तर. न्हायतर कोल्हापुरात खानावळी लई हायत."

मला हसू आलं होतं, ते मी आवरलं. मुरगूडची पाटी लावलेली गाडी समोरून गेली की आक्का बोलता बोलता थांबायच्या आणि गाडी वळेपर्यंत बघत राहायच्या, हे मी स्वतः पाहिलेलं होतं. त्यांना त्या घरात एकदा जेवायचं होतं, बाकी आयुष्याकडे त्यांची फारशी मागणी नव्हती.

त्या वर्षी आमच्या प्रकाशनं स्पर्धेसाठी नाटक लिहिलं आणि बसवायलाही घेतलं. प्रकाश बँकेत आहे. त्याच्या दोन चुलत्यांचं वाटणीचं भांडण त्यांच्या भावकीत गाजलेलं होतं आणि ते त्याला रंगमंचावर आणायचं होतं. पण तसंच्या तसं लिहिलं असतं तर दोन्ही घरांची लग्नाची आमंत्रणं बंद झाली असती. म्हणून त्यानं सगळ्या कुटुंबाला आधी इटलीत जन्माला घातलं आणि मग बोटीनं अमेरिकेला पाठवलं. चुलत्यांचे मार्को आणि लुका झाले, आजीची रोझा झाली, आणि वाटणीच्या जागी आडनाव आलं. धाकट्या लुकाला अमेरिकेत नीट जमावं म्हणून आडनाव बदलायचं असतं. थोरल्या मार्कोला सगळ्यांना घेऊन गावी परत जायचं असतं. मधे आई. तीन अंक, तीन जेवणं, एकच टेबल. तिसऱ्या जेवणाला मार्को घर सोडून जातो तो कायमचा.

मार्को मी होतो. मी दिवसा शाहूपुरीत पाण्याचे पंप विकतो, इटलीशी माझा संबंध तेवढ्यापुरताच आला. लुका झाला होता औषधाच्या दुकानातला संदीप. रोझा कोण, हे प्रकाशनं सांगितलंही नाही, आक्कांनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त नाटक वाचलं आणि म्हणाल्या, "ही बाई तीन येळा जेवाय वाढती आणि एकदापण खात न्हाय. हे बराबर लिवलंयस."

पहिला वाद काट्या-चमच्यांवरून झाला. संदीपच्या काट्यातून पहिलाच घास निसटला तो थेट पहिल्या रांगेच्या जागी जाऊन पडला. आक्कांनी काटे गोळा केले आणि निकाल दिला की गरीब इटालियन माणसं घरात हातानंच जेवतात. प्रकाशनं मोबाईलवर बरंच शोधलं, पण नाहीच जेवत असं छातीठोकपणे सांगणारं त्याला काही सापडेना. वाइन म्हणून कोकम सरबत ठरलं. मग आक्कांनी दुसरा निकाल दिला. रिकाम्या ताटात हात फिरवून जेवल्याचं सोंग त्यांच्यासमोर चालणार नव्हतं.

"कामावरनं उपाशी येताय आणि हितं येऊन उपाशी जेवताय व्हय? मी आणते."

तेव्हापासून तालमीला डबा यायला लागला. आक्का टोमॅटोच्या रश्श्यात शेवया शिजवून आणायच्या. तो त्यांच्या मते इटालियन पदार्थ होता, आणि आमचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यात कांदा-लसूण मसाला असायचा. अमेरिकेतल्या त्या अंधाऱ्या खोलीत पातेल्याचं झाकण निघालं की ज्या शाळेत आमची तालीम चालायची तिथला शिपाई दारात येऊन उभा राहायचा.

अडचण अशी झाली की नाटकातला ताण चढेना. प्रकाशला तो पायरी-पायरीनं चढायला हवा होता. कोल्हापूरच्या नटाला मुळात पायऱ्या ठाऊक नसतात, तो थेट गच्चीवरूनच सुरुवात करतो. पहिल्या अंकात मी "आई, मीठ दे" असं म्हणालो तर प्रकाश म्हणाला, हा खून तिसऱ्या अंकात व्हायचा आहे. आणि तिसऱ्या अंकापर्यंत आमची पोटं भरलेली असायची. संदीप डोळ्यांत पाणी आणून "मला या घरात श्वास घेता येत नाही" म्हणायचा आणि ताट पुढे करून आणखी वाढून घ्यायचा. मी त्याच्यावर एक पानभर ओरडायचो, पण तोंडात शेवया असल्यामुळे त्यात द्वेष उतरत नव्हता.

एका संध्याकाळी प्रकाश खुर्चीवर डोकं धरून बसला. स्पर्धा तोंडावर आली होती. "हे कुटुंब फुटतंय असं वाटतच नाही," तो म्हणाला. "हे कुटुंब सहलीला आलंय असं वाटतंय."

आक्का पातेलं पुसत होत्या. "घरातलं भांडण तोंडानं होत न्हाय रं," त्या म्हणाल्या. "वाढणाऱ्याच्या हातानं होतंय. उद्या तुमी कोण वरडू नका. मी वाढते तसं नुसतं जेवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या जेवणाला त्यांनी आधी मला वाढलं. थोरला म्हणून. सगळं नेहमीसारखं झालं. दुसऱ्या जेवणाला त्यांनी आधी संदीपला वाढलं आणि मग मला. एवढंच. संवाद तेच होते, पण मला काहीतरी खटकलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. तिसऱ्या जेवणाला त्या पातेलं घेऊन आल्या, संदीपच्या ताटात वाढलं, त्याच्या बायकोचं काम करणाऱ्या मुलीच्या ताटात वाढलं, आणि पळी माझ्या ताटावरून पुढे गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रागही दाखवला नाही. पातेलं खाली ठेवलं, झाकण लावलं आणि हात पुसले.

मी दिवसभर दुकानात उभा राहून आलो होतो, मला भूक लागली होती, आणि समोर दोन माणसं खायला लागली होती. मी पंप विकणारा, संसारी, दोन मुलांचा बाप. पण त्या क्षणी माझे कान तापले. ते पानभर ओरडणं मला आठवेना. माझ्यानं बसवेना म्हणून मी उठलो आणि निघून गेलो. प्रकाशनं ते पानभर भाषण नाटकातून काढून टाकलं. ते त्याचं सगळ्यात आवडतं भाषण होतं, त्यामुळे तो आठवडाभर आमच्याशी तुटक वागला.

तालीम संपल्यावर मी आक्कांना विचारलं, की हे तुम्हाला सुचलं कसं.

"सुचलं न्हाय. आमच्या घरात झालतं." त्या पातेल्यात उरलेल्या शेवया माझ्या ताटात काढत होत्या. "मी नाटकात जाती हे कळलं त्या दिवशी. दादानं आईला आत जाऊन सांगितलं, हिला वाढू नको. मग आईनं सगळ्यास्नी वाढलं आणि माझ्या ताटावरनं पळी फुडं नेली. कोण काय बोललं न्हाय. लोकं म्हणतात आमचं भांडण झालं. भांडण कुठं झालं? मी उठले आणि हात धुतला. हाताला काय लागलं नव्हतं, तरी धुतला."

मग त्या मला म्हणाल्या, "खा की. गार हुतंय."



स्पर्धेत नाटक झालं. तिसऱ्या जेवणाला पळी माझ्या ताटावरून पुढे गेली तेव्हा मधल्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "अगं त्याला वाढ की, पोरगं उपाशी हाय!" आम्हाला बक्षीस काही मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, प्रयोग प्रभावी आहे, पण हे कुटुंब इटालियन वाटत नाही. आक्का म्हणाल्या, "ते खरं हाय." प्रकाशच्या दोन्ही चुलत्यांनी नाटक पाहिलं, दोघांनाही आवडलं, आणि इटालियन लोक फार हट्टी असतात यावर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

लोक मागायला लागले म्हणून आम्ही एका रविवारी दुपारी आणखी एक प्रयोग लावला. त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती आम्हाला नंतर कळली. दादांची सून कोल्हापुरात शिक्षिका आहे. तिनं स्पर्धेचा प्रयोग पाहिला होता आणि मुरगूडला घरी गेल्यावर पंगतीत सहज सांगितलं होतं, की आत्या नाटकात थोरल्या मुलाला वाढतच नाहीत, नुसती पळी पुढे नेतात. दादा तेव्हा जेवत होते. त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि विचारलं, पुढचा खेळ कधी आहे.

रविवारी तिसरं जेवण सुरू झालं. संदीपला वाढून झालं, त्या मुलीला वाढून झालं, आणि पळी माझ्या ताटाकडे आली. तेवढ्यात पुढच्या रांगेत पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा राहिला. मागचे लोक "ओ पावणं, बसा की खाली" म्हणून ओरडायला लागले. म्हातारा बसला नाही. आक्कांनी तिकडे बघितलं, आणि त्यांचा हात माझ्या ताटावर थांबला. इतक्या वर्षांत रंगमंचावर त्यांचा हात कधी थांबल्याचं मला आठवत नव्हतं. मी वर बघितलं तर त्या अजून त्या टोपीकडेच बघत होत्या. मला वाटलं, आता या मला वाढणार आणि नाटक संपलं. मला हेही वाटलं की वाढू देत, नाटक गेलं खड्ड्यात.

मग पळी पुढे गेली. मी उठलो. पडदा पडेपर्यंत तो म्हातारा उभाच होता.

पडदा पडल्यावर दादा बाजूच्या दारातून वर आले. आत यायला त्यांना कुणी अडवलं नाही, कारण त्यांची चाल बघून सगळ्यांना ते घरमालक वाटले. आक्का रोझाची काळी ओढणी डोक्यावर तशीच ठेवून टेबलाशी उभ्या होत्या. आम्ही सगळे आजूबाजूला होतो, पण तिथून हलायचं कुणाला सुचलं नाही.

"शालन," दादा म्हणाले, "त्या पोराला वाढायचं ऱ्हायलं."

"व्हय. ऱ्हायलं."

"त्याच्या आईची चूक न्हाय ती."

"मग कुणाची?"

दादांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही एकूण बरेच जण होतो आणि त्यात मेकअपवाला आणि लाइटवालाही होता. गावात वजन असलेला तो माणूस, त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आईला मी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "आई रडत हुती आत. म्हटली, कसं वाढू नको पोरीला. मी म्हटलं, वाढलंस तर मी उठतो. म्हणून तिनं तुला सोडलं. मरूस्तवर ती मला तेच म्हणत हुती."

आईला रडू आलं होतं, हे आक्कांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्या खाली बसल्या. मार्कोच्या खुर्चीत बसल्या, आणि नेपथ्यवाल्यानं सगळं घर गोळा करून टेंपोत भरलं तरी त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. भिंती गेल्या, खिडकी गेली, टेबल गेलं. भाड्याची खुर्ची परत द्यायची होती, पण ती मागायला कुणी पुढे झालं नाही. दादा शेजारी उभे होते.

"बुधवारी जेवाय ये," ते शेवटी म्हणाले.

"बसवतोस?"

"बसवतो. ये."

आक्का वारल्या त्याला आता वर्ष होत आलं. आजारपण फार लांबलं नाही, आणि त्यातही त्या आम्हाला "आवाज खाली" म्हणतच राहिल्या, कारण दवाखान्यात आम्ही सगळे एकदम बोलत होतो. आमच्या संस्थेत आईचं काम आता दुसऱ्या बाई करतात. चांगल्या आहेत, रडतात छान. मला मात्र घरी एक सवय लागली आहे. बायको वाढायला आली की मी आधी मुलांची ताटं बघतो, कुणाचं राहिलं तर नाही ना. बायको म्हणते, तुमचं नाटक कधी संपणार. आक्कांची आठवण रोज दोन वेळा येते, आणि ती मला येऊ द्यायची आहे.

त्या बुधवारी मुरगूडला आक्कांना मीच घेऊन गेलो होतो, दुकानाच्या गाडीतून. घरात पाट मांडलेले होते. सून पातेलं घेऊन आली तर दादांनी ते तिच्या हातातून घेतलं. घरातल्या बायका भिंतीला पाठ लावून बघत राहिल्या, कारण त्या माणसानं जन्मात पळी धरली नव्हती. त्यांना वाकताही नीट येत नव्हतं. त्यांनी सगळ्यांत आधी आक्कांच्या ताटात वाढलं, आमटी भाताऐवजी भाकरीवर ओतली, थोडी पाटावर सांडली, आणि "ऱ्हाऊ दे, मी पुसतो" म्हणाले. मग त्यांनी मला वाढलं. मग ते पातेलं घेऊन तिथेच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. आक्का मान खाली घालून जेवल्या. रंगमंचावर एवढ्या पोरांसाठी रडलेल्या त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी सरळ ताटात पडत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

परत येताना गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "आक्का, बरं वाटलं का?"

त्या बाहेरचा ऊस बघत होत्या.

"आमटीत मीठ न्हवतं," त्या म्हणाल्या. "दोनदा मागून घेतली मी."